जॅझ बेसला स्टिरिओ वायरिंग: करावं का, आणि करायचंच तर कसं?

प्रश्न कुडाळहून आलाय, तो थोडक्यात असा. जॅझ पद्धतीचा चार तारांचा बेस, दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन पकडणारे चुंबकी भाग), दोन व्हॉल्यूम, एक टोन, सगळं पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवाय. वाजवणं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आणि अधूनमधून चर्चच्या बँडमध्ये. घरच्या छोट्या अँपवर आवाज भरदार येतो, मंडपात गेलं की बेस हरवतो, आणि स्टेजचे लाइट लागले की गुणगुण सुरू होते. रिकनबॅकर कंपनीच्या बेसचा स्टिरिओ आवाज ऐकल्यापासून दोन पिकअप दोन अँपना द्यावेत असं मनात आहे. तर पिकअप बदलू, स्टिरिओ वायरिंग करू, की बॅटरीवर चालणारा ॲक्टिव्ह प्रीअँप बसवू?

तूर्तास तिन्ही थांबवा. आधी तारा आणि पिकअपची उंची बघा, मग एक सीरिज-पॅरलल स्विच (दोन पिकअप एकमेकांना कसे जोडायचे ते बदलणारा) बसवा. स्टिरिओची हौस असेल तर जरूर करा, पण स्टिरिओने तुमच्या दोन तक्रारींपैकी एकही सुटणार नाही, आणि गुणगुण तर वाढेलच. मी तळकोकणात बेस, गिटार आणि अँप दुरुस्त करतो, त्यामुळे पुढचं बरंचसं आपल्या हवेला आणि आपल्या मंडपांना धरून आहे. पुण्या-मुंबईच्या हॉलमध्ये वाजवणाऱ्याला त्यातलं काही फाजील वाटेल.

आधी बेस हरवतो का ते बघू. जॅझ बेस फेंडरने १९६० साली आणला, आणि त्याची खासियत म्हणजे हेच दोन पिकअप. एकच तार दोन ठिकाणी ऐकली जाते. तार हलते तेव्हा मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनंही तिच्यावर चालू असतात. त्यातल्या काही कंपनांत नेक (मानेकडच्या) पिकअपवर तार वर जाते त्याच क्षणी ब्रिज (घोडीकडच्या) पिकअपवर ती खाली येते. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की ही कंपनं एकमेकांना मारतात आणि मिडमध्ये, म्हणजे आवाजाच्या मधल्या भागात, खड्डा पडतो. खोलीत एकट्याने वाजवताना हाच खड्डा गोड लागतो. खाली भरीव, वर चकचकीत, अंगठ्याने स्लॅप मारायला उत्तम.

मंडपात मात्र खालची जागा कीबोर्डचा डावा हात आणि ऑक्टापॅडची किक आधीच अडवून बसलेली असते. वर गायक, कीबोर्डची लीड, ढोलकीची चाट. बेसला रिकामी जागा उरते ती साधारण २०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास, आणि तुम्ही खड्डा पाडलाय तो नेमका तिथे. समोरून कुणीतरी विचारतो, ‘बेस खंय गेलो?’ मग साउंडवाला लो वाढवतो आणि नुसता गडगडाट सुरू होतो. उघड्या ई तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झ आहे. भाड्याने येणारे बहुतेक बेसचे डबे तिथे फारसं काही देत नाहीत. कानाला स्वर कळतो तो ८२ हर्ट्झच्या आणि त्याच्या वरच्या कंपनांवरून. म्हणून लो वाढवून बेस ऐकू येत नाही, मिड परत आणला की येतो.

यावरचा फुकटचा उपाय म्हणजे ब्रिज पिकअपचा व्हॉल्यूम थोडा मागे घेणं. दोन पिकअप समान राहिले नाहीत की मारामारी अपुरी होते आणि मिड वर येतो. उलट बाजूने, ब्रिज पूर्ण आणि नेक मागे केला तर नाकातला, बोलका आवाज मिळतो. बेसवादक जॅको पास्टोरियसचा आवाज मुख्यतः ब्रिज पिकअपवरचाच. हे दोन नॉब म्हणजे तुमच्या बेसवरचा सगळ्यात चांगला इक्वलायझर आहे, आणि बहुतेक मुलं ते दोन्ही दहावर ठेवून विसरून जातात.

मग सगळे असंच का करत नाहीत? गुणगुणीमुळे. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेची हजारो वेटोळी. ती तारेचं कंपन पकडते तशीच विजेच्या तारा, ट्रान्सफॉर्मर आणि डिमर यांची चुंबकीय लहरही पकडते. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेवर तिसऱ्या पट्टीचा (फ्रेटचा) ‘जी’ स्वर ४९ हर्ट्झचा. म्हणजे गुणगुण जवळजवळ तुमच्याच स्वरात बसते, फिल्टर लावून काढता येत नाही. जॅझ बेसमध्ये यावर युक्ती केलेली असते: एका पिकअपची वेटोळी उलट्या दिशेने आणि चुंबकही उलटा. तारेचा आवाज दोन्हीत एकाच बाजूचा राहतो, गुणगुण मात्र विरुद्ध येते आणि मिसळल्यावर नाहीशी होते. पण फक्त दोन्ही व्हॉल्यूम सारखे असतानाच. एक मागे घेतला की ती हळूच डोकं वर काढते. हीच युक्ती फेंडरच्याच प्रिसिजन (पी) बेसमध्ये १९५७ पासून एकाच पिकअपचे दोन तुकडे करून वापरली आहे. म्हणून पी बेस कुठेही शांत असतो.

स्टिरिओने गुणगुण वाढेल असं म्हटलं ते याच कारणाने. दोन पिकअप दोन अँपना दिले की ते विजेच्या पातळीवर मिसळतच नाहीत. नेकची गुणगुण एका स्पीकरमधून, ब्रिजची दुसऱ्यामधून. एका बाजूला डिस्टॉर्शन लावलं तर ती गाण्यांच्या मधल्या शांततेत सगळ्यांना ऐकू येईल.

इथे लोक तांब्याची पट्टी चिकटवायला धावतात. चिकटवा, पण अपेक्षा बेताची ठेवा. शिल्डिंगने थांबतो तो डिमर आणि स्वस्त एलईडी ड्रायव्हरचा चिरका, खरखरीत आवाज. ५० हर्ट्झची जाडी गुणगुण चुंबकीय असते आणि पातळ तांब्याला ती मोजत नाही. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल तर वापरूच नका. तिला सोल्डर धरत नाही, आणि खाऱ्या हवेत तिचे जोड काही महिन्यांत संपर्क सोडतात.

आता सीरिज-पॅरलल स्विच. तुमच्या बेसमध्ये दोन्ही पिकअप पॅरलल आहेत, म्हणजे दोघांची सरासरी बाहेर येते. तेच एकामागोमाग एक, सीरिजमध्ये जोडले की बेरीज बाहेर येते. आवाज जवळपास ६ डेसिबलने वाढतो. दोन्ही पिकअप सारखे असतील तर एकूण इंडक्टन्स पॅरललच्या चौपट होतो, त्यामुळे वरची धार खाली सरकते आणि लो-मिड जाडजूड होऊन पुढे येतो. एक गैरसमज मात्र काढून टाका. सीरिज केल्याने मिडमधला खड्डा बुजत नाही. तो पिकअपच्या जागांमुळे पडलेला आहे आणि बेरीज केली तरी तसाच राहतो. पण वरचा चकचकाट कमी झाल्याने आणि एकूण जोर वाढल्याने मंडपात बेस जागेवर बसतो, पी बेसच्या दिशेने झुकतो, आणि गुणगुण पूर्ण शांत राहते. तुमच्या दोन्ही तक्रारींवर एकत्र लागू पडणारा एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही.

त्यासाठी एक पुश-पुल पॉट (नॉबखालचा फिरता भाग, जो ओढला की स्विचचंही काम करतो) लागतो, सध्याच्या नेक व्हॉल्यूमच्या जागी. नवं भोक पाडायचं काम नाही. नॉब वर ओढला की एका पिकअपचं ग्राउंडचं टोक ग्राउंडवरून सुटून दुसऱ्याच्या गरम टोकाला जोडलं गेलं पाहिजे. दोन गोष्टी सांभाळा. ज्या पिकअपचं ग्राउंड सुटणार आहे त्याला धातूचं आवरण किंवा खाली पितळी पत्रा असेल, तर त्या पत्र्याला ग्राउंडची वेगळी तार द्या, नाहीतर हात लागला की आवाज करेल. आणि सीरिजमध्ये एकच व्हॉल्यूम मास्टर म्हणून चालतो, दुसरा पूर्ण उघडा ठेवायचा. स्टेजवर ‘आवाज गेला’ म्हणून घाबरण्याचं नेहमीचं कारण तेच असतं.

पॉट घेताना छापलेलं वाचा. हल्लीच्या पॉटवर ‘ए’ म्हणजे लॉग, ‘बी’ म्हणजे लिनियर. व्हॉल्यूम आणि टोनला लॉग बरा. सिंगल कॉइलला २५० किलोओहम, हंबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) ५००. रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांच्या दुकानात २२० किंवा ४७० मिळाला तर बिनधास्त वापरा, कानाला फरक कळणार नाही. पुश-पुल मात्र तालुक्याच्या ठिकाणी क्वचितच मिळतो. मुंबईला कुणी जात असेल तर लॅमिंग्टन रोडवरून मागवा. टोनचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा, त्यावर ४७३ असं छापलेलं असतं. त्याऐवजी २२३ लावला तर टोन बंद केल्यावर आवाज कमी बुजतो, मला मंडपासाठी तो जास्त आवडतो. महागड्या ‘व्हिंटेज’ कपॅसिटरवर पैसे घालू नका. आकडा तोच असेल तर आवाज तोच.

या सगळ्याच्या आधी स्क्रूड्रायव्हर घेऊन उंची बघा. तार शेवटच्या पट्टीवर दाबून धरा आणि तारेच्या खालच्या बाजूपासून पिकअपच्या चुंबकापर्यंतचं अंतर मोजा. ई तारेखाली सुमारे ३ मिलिमीटर, जी तारेखाली अडीचच्या आसपास, इथून सुरुवात करा. आवाज मोठा येतो म्हणून पिकअप वर चढवलेला असेल तर चुंबक तारेला ओढतो, आणि वरच्या पट्ट्यांवर ई तार दोन स्वरांत भांडल्यासारखी लहरते. मग ट्यूनरला दोष देत बसायचं. पॅरललमध्ये ब्रिज पिकअप बारीक वाटतो म्हणून तो नेकपेक्षा जरा जवळ ठेवतात, ते बरोबर आहे. त्या जागी तार कमी हलते.

तारांबद्दल एवढंच सांगतो की आपल्या किनाऱ्यावर निकेलच्या राउंडवाउंड तारा लवकर मरतात. घाम आणि मीठ दोन्ही वेटोळ्यांत जाऊन बसतं. स्टेनलेस स्टीलच्या जास्त टिकतात, पण बोटांना आणि पट्ट्यांना खातात. ऑर्केस्ट्रात जुनी गाणी जास्त असतील तर फ्लॅटवाउंड लावून बघा. त्या वर्षानुवर्षं चालतात, आणि मिड पुढे येण्याचं निम्मं काम त्याच करतात.

तरीही स्टिरिओ हवंच असेल, तर ते कशासाठी शोधलं ते बघा. रिकनबॅकरचा ४००१ बेस १९६१ साली आला. त्याच्या बाजूला दोन सॉकेट असतात. एक साधं मोनो, दुसरं ‘रिक-ओ-साउंड’ नावाचं, ज्यातून नेक आणि ब्रिज पिकअप वेगवेगळे बाहेर येतात. क्रिस स्क्वायर किंवा गेडी ली यांच्यासारख्या बेसवादकांनी दोन पिकअप वेगळे काढले ते डाव्या-उजव्या स्पीकरांत बेस पसरवायला नव्हे. एका पिकअपला स्वच्छ, भरीव आवाज द्यायचा आणि दुसऱ्याला अँप पेटवून कर्कश करायचं, यासाठी. ८०-१०० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठल्या बाजूने येतो हे कानाला कळतच नाही, त्यामुळे बेस डावीकडे-उजवीकडे ‘पॅन’ करण्यात अर्थ नाही. मंडपातली साउंड सिस्टीम तर बहुतेक वेळा मोनोच लावलेली असते. स्टिरिओ वायरिंग म्हणजे दोन वेगळे गळे. डबलबारीत (दोन भजनी बुवांच्या सामन्यात) दोन्ही बुवा एकच भजन एकाच चालीत म्हणायला लागले तर बारी कसली? तसंच दोन्ही बाजूंना एकच टोन लावायचा असेल तर ही सगळी खटपट वाया.

जुन्या ४००१ मध्ये आणखी एक खुबी आहे जी लोक विसरतात. ब्रिज पिकअपच्या वाटेत ०.००४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सीरिजमध्ये असायचा. तो खालचा भाग कापतो. म्हणून त्या पिकअपला कितीही डिस्टॉर्शन दिलं तरी चिखल होत नाही, कारण लो त्यात मुळात जातच नाही. तो सगळा नेककडे स्वच्छ राहतो. तुम्ही स्टिरिओ करणार असाल तर हा कपॅसिटर, ज्यावर ४७२ छापलेलं असतं, ब्रिजच्या वाटेत एका छोट्या स्विचसह घाला. माझ्या मते दोन अँप घेण्यापेक्षा या एका सुट्या भागाने जास्त फरक पडतो.

आता वायरिंग. जॅझ बेसमध्ये दोन्ही व्हॉल्यूमची टोकं टोनपाशी एकत्र येतात आणि तिथून सॉकेटच्या टिपला (पिनच्या टोकाला लागणाऱ्या संपर्काला) जातात. स्टिरिओसाठी हा जोड तोडायचा. नेक जाईल टिपला, ब्रिज जाईल रिंगला (स्टिरिओ सॉकेटमधल्या दुसऱ्या संपर्काला), ग्राउंड दोघांचं सामाईक. पण मग टोनचं काय? एकच टोन पॉट दोन्हीला जोडला तर त्याच्यातून दोन्ही पिकअप पुन्हा एकत्र येतात आणि स्टिरिओ संपलं. एक तर दुहेरी पॉट घ्या, किंवा, मला जास्त पटणारं, एकावर एक बसणारे दुमजली नॉब लावा: खालचा टोन, वरचा व्हॉल्यूम, प्रत्येक पिकअपला एक जोडी. गंमत म्हणजे १९६० चा पहिला जॅझ बेस असाच होता, दोन दुमजली नॉब. तीन नॉबांची मांडणी नंतर आली. तुमच्या प्लेटवर तिसरं भोक रिकामं राहील, तिथे मोनो-स्टिरिओचा छोटा टॉगल बसवा. हा टॉगल हवाच. दर कार्यक्रमाला दोन अँप मिळणार नाहीत.

पिकअपची गरम तार पॉटच्या मधल्या पायाला आणि बाहेर जाणारी कडेच्या पायाला, ही जॅझ बेसची पद्धत तशीच ठेवा. उलटं केलंत तर मोनोत एक व्हॉल्यूम शून्यावर नेला की दुसराही बंद पडेल.

साधी मोनो पिन स्टिरिओ सॉकेटमध्ये घातली तर काय होतं हे नीट समजून घ्या. मोनो पिनचा लांब दांडा रिंगला सरळ ग्राउंडशी जोडतो. म्हणजे ब्रिज पिकअप गप्प. आणि तेव्हा टॉगल मोनोवर असेल तर रिंग आणि टिप एकत्र असल्याने अख्खा बेस गप्प. म्हणून प्लेटवर जागा असेल तर दोन वेगळी सॉकेट लावणं सगळ्यात सुरक्षित, रिकनबॅकरने उगाच दोन दिलेली नाहीत. एकाच सॉकेटवर भागवायचं असेल तर टॉगल असा जोडा की मोनोत रिंग पूर्णपणे सुटी राहील.

बेस ॲक्टिव्ह असेल तर आणखी एक पेच आहे. ॲक्टिव्ह बेसमध्येही स्टिरिओ सॉकेटच असतं, पण तिथे रिंगला ९ व्होल्टच्या बॅटरीचं ऋण टोक असतं. मोनो पिन घातली की ते ग्राउंडला लागतं आणि प्रीअँप चालू होतो. त्या रिंगवर तुम्ही पिकअप जोडू शकत नाही. तिथे बॅटरीसाठी वेगळा स्विच किंवा जास्त संपर्कांचं सॉकेट लागतं. कुणी ‘सॉकेट आहेच स्टिरिओ, फक्त तार बदलायची’ असं म्हणाला तर बेस उचलून घरी आणा.

आणि पिकअप? स्टिरिओत प्रत्येक पिकअपने एकट्याने शांत राहायला हवं, म्हणजे जॅझच्या मापाचे पण आत दोन कॉइल असलेले. ते दोन प्रकारचे मिळतात. एकात कॉइल एकावर एक, दुसऱ्यात शेजारी-शेजारी, दोन तारांना एक. माझ्या कानाला दुसरा प्रकार सिंगल कॉइलच्या जास्त जवळ वाटतो. पहिल्यात वरची धार थोडी जाते. असे पिकअप घेतलेत तर मोनोतही नुसता नेक किंवा नुसता ब्रिज बिनधास्त वापरता येतो, आणि स्टिरिओची निम्मी हौस तिथेच फिटते.

दोन अँपची खरी डोकेदुखी बेसच्या बाहेर आहे. दोन्ही अँपची अर्थिंग बेसच्या सामाईक ग्राउंडमधून एकमेकांना जोडली जाते, वेटोळं तयार होतं आणि पिकअपशी संबंध नसलेली वेगळीच गुणगुण सुरू होते. दोन्ही अँप एकाच बोर्डवर लावा. तेवढ्याने नाही गेली तर एका बाजूला ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (बेस मिक्सरला जोडायचा छोटा डबा) घालून त्याचा ग्राउंड लिफ्ट, म्हणजे ग्राउंड तोडणारं बटण, दाबा. थ्री-पिनची अर्थची पिन मोडणं, तिला टेप लावणं हा उपाय नाही. बेसच्या तारा अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात, गायकाचा माइक मिक्सरच्या अर्थला. जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात या दोन्हींत फरक असला आणि तुमचा हात तारेवर, ओठ माइकवर असला, तर झटका सरळ छातीतून जातो. पावसात ओल्या जमिनीवर तर विचारूच नका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवलेला बोर्ड स्वतःचा ठेवा आणि स्टेजवर तोच वापरा.

फेजचं भान ठेवा. एखादा अँप किंवा पेडल आवाज उलटा करून देतं, आणि मग दोन्ही एकत्र लावले की बेस वाढण्याऐवजी पातळ होतो. एका बाजूचा फेज उलटवून बघा, ज्यात जाड वाटेल ते बरोबर. एका बाजूला डिजिटल पेडल किंवा वायरलेस असेल तर उशीरही लागतो. ३ मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे साधारण १६७ हर्ट्झला दोन्ही बाजू बरोबर विरुद्ध. तुमचा सगळ्यात कामाचा भाग तिथेच गडप होतो, आणि फेजचं बटण त्याला पुरत नाही.

हे सगळं वाचून दम लागला असेल तर सोपी वाट अशी. बेस मोनोच ठेवा. सीरिज स्विच लावा. जमिनीवर एक स्प्लिटर पेडल ठेवून त्यातून दोन वाटा काढा. एक स्वच्छ, दुसरीत आधी हाय-पास (लो कापणारा फिल्टर), मग डिस्टॉर्शन किंवा कोरस. शेवटी दोन्ही परत मिसळून एकच केबल साउंडवाल्याला द्या. पिकअप बेसमध्येच मिसळल्याने गुणगुण मरते, डीआय एकच लागतो, आणि रिकनबॅकरच्या त्या दोन गळ्यांतलं बरंचसं मिळतं. दोन्ही गळ्यांचं मूळ मात्र एकच राहतं, नेक आणि ब्रिजचा वेगळेपणा त्यात येत नाही. तो फरक तुम्ही रेकॉर्डिंग करत असाल तर जाणवेल. मंडपात तो ऐकणारा एकच माणूस असेल, तुम्ही स्वतः.

प्रीअँपचा प्रश्न त्यामानाने साधा. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेपासून ॲक्टिव्ह बेस सर्वत्र रुळले आणि ते चांगलेच आहेत. प्रीअँपचा मोठा फायदा म्हणजे लांब केबलने वरची धार खाल्ली जात नाही. पण त्याने मिळणारा लो आणि ट्रेबलचा जोर तुम्हाला नको आहे, तुमची अडचण मिडची आहे. घ्यायचाच तर मिडचा नॉब असलेला तीन बँडचा घ्या, आणि बॅटरी संपली तरी चालावं म्हणून पॅसिव्हवर जाण्याचा स्विच असलेला. रात्री पिन काढून ठेवायची सवय लावा, नाहीतर सकाळी बॅटरी मेलेली. बॅटरीच्या क्लिपवर हिरवं साचलं की स्वच्छ करा, आपल्याकडे ते फार लवकर साचतं.

हवेचं म्हणाल तर जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये सुमारे ०.०६ मिलिमीटरची तार थेट चुंबकांच्या दांड्यांवर गुंडाळलेली असते. त्या दांड्यांच्या मिश्रधातूत, अल्निकोत, लोखंड असतं, ते गंजतं, गंज इनॅमल फोडतो आणि एक दिवस पिकअप मुका होतो. देवगड-वेंगुर्ल्याकडून आलेल्या बेसमध्ये मी हे वारंवार बघतो. वाजवून झाल्यावर दांड्यांची टोकं कोरड्या फडक्याने पुसा, पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. नवीन घेताना इपॉक्सीत पूर्ण बंद केलेले पिकअप, म्हणजे ईएमजी किंवा बार्टोलिनीसारखे, इथे जास्त टिकतात. ईएमजीला पॉट २५ किलोओहमचे लागतात, तुमचे २५० चे चालणार नाहीत, हे खर्चात धरा. खरखरणाऱ्या पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरच मारायचा, दाराच्या बिजागरीचं तेल नव्हे.

काहीही विकत घेण्याआधी मल्टिमीटरने एवढं करा. केबल बेसला लावा, दुसऱ्या टोकाच्या पिनची टिप आणि दांडा यांच्यात ओहम मोजा. आधी फक्त नेक पूर्ण उघडा, मग फक्त ब्रिज, मग दोन्ही. जॅझ पिकअप एकटा ७ किलोओहमच्या आसपास दाखवेल, दोन्ही मिळून त्याच्या निम्मे. एकट्यावर सव्वाशे किलोओहमसारखं काही दिसलं तर त्या पिकअपची कॉइल आतून तुटली आहे, आणि मग बेस हरवण्याचं कारण मंडपात शोधायची गरजच नाही. हे तीन आकडे आणि प्लेटखालचा एक स्पष्ट फोटो पाठवा, म्हणजे पुश-पुलच्या कुठल्या पायाला कुठली तार लावायची ते काढून देतो.